फवारणीचे औषध कालवण्यासाठी सुटी करता येणारी, धुता येणारी शेड

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे आणि चष्मा यांविषयी गावोगावी सांगितले गेले, आणि ते आवश्यकच होते. औषध ज्या जागेवर कालवले जाते त्या जागेचा विचार मात्र आजही क्वचितच होतो. पंधरा लिटरच्या पंपात तीस मिलिलिटर औषध पडत असेल, तर फवाऱ्यातले द्रावण बाटलीतल्या औषधापेक्षा पाचशे पटीने पातळ असते. याचा अर्थ असा की दिवसभरातला सर्वांत तीव्र विषाशी येणारा संबंध वावरात नव्हे, तर विहिरीच्या काठावर किंवा धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली, बाटलीचे बूच उघडताना येतो. तेथे सांडलेले औषध काळ्या मातीच्या भेगांतून खाली उतरते, त्याच मातीवर गडी अनवाणी उभे राहतात, आणि संध्याकाळी तेथेच पंप विसळले जातात.

या लेखात त्या कामासाठी एक लहान शेड कशी आखावी आणि उभारावी ते दिले आहे. ती तालुक्याच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येते, चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाला पुरते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका वावरातून दुसऱ्या वावरात नेता येते आणि हंगाम संपल्यावर सुटी करून ठेवता येते. पाच एकरांचा एकटा शेतकरी असेल, तर त्याने पूर्ण शेडच्या खर्चात पडू नये. पुढे वर्णन केलेला ट्रे आणि मिश्रणाचे टेबल एवढ्यावर त्याचे निम्म्याहून अधिक काम भागते.

आराखड्याची सुरुवात छप्परापासून किंवा भिंतीपासून करू नये. पहिला प्रश्न असा विचारावा की ही जागा धुतल्यावर ते पाणी कोठे जाईल. त्याचे उत्तर ठरले की तळाचा उतार, काठाची उंची, भिंतींची जागा आणि सामानाची निवड या बाकीच्या गोष्टी त्यातूनच ठरत जातात. हे उत्तर न ठरवता बांधलेली पक्की खोलीसुद्धा दोन हंगामांत विष मुरलेली खोली होते, कारण जी जागा धुण्याची सोय नाही ती कोणी धूत नाही.

तळ

या शेडचा तळ म्हणजे काठ असलेला एक मोठा उथळ ट्रे. त्याचा आकार ठरवण्याचा नियम सोपा आहे. शेडमध्ये असणारे सर्वांत मोठे एकच भांडे पूर्ण फुटले, तर त्यातले सगळे द्रावण ट्रेमध्ये मावले पाहिजे आणि वर किमान दहा टक्के जागा उरली पाहिजे. आपल्याकडे सर्वांत मोठे भांडे म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम, म्हणून ट्रेची धारणक्षमता किमान २२० लिटर हवी. आतून १.८ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद ट्रे घ्यावा. त्याला एका बाजूकडे दोन टक्के उतार दिला, म्हणजे उंच बाजू खोल बाजूपेक्षा ३६ मिलिमीटर वर राहिली, आणि खोल बाजूला काठ दहा सेंटिमीटर ठेवला, तर सरासरी खोली ८२ मिलिमीटर येते आणि ट्रेमध्ये सुमारे २६५ लिटर मावतात. ड्रम मोठा असेल तर हाच हिशेब पुन्हा करावा, अंदाजाने काठ वाढवू नये. काठ पंधरा सेंटिमीटरच्या वर गेला की भरलेला पंप पाठीवर घेऊन तो ओलांडणारा माणूस अडखळतो, आणि सांडण्याचे नवे कारण आपणच निर्माण केलेले असते.

सुटे भाग जोडून बनणाऱ्या कोणत्याही बांधणीत जोड हीच दुबळी जागा असते. म्हणून जोड भिंतीत असू द्यावेत, तळात एकही नसावा. ट्रेसाठी शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचे, एचडीपीई या चिवट प्लास्टिकचे अस्तर उत्तम चालते. ते एकसंध मिळते, गुंडाळून नेता येते, आणि त्याचे तुकडे उष्णतेने सांधणारे कारागीर आता बहुतेक तालुक्यांत आहेत. ताडपत्री किंवा मऊ पीव्हीसीचा कागद स्वस्त पडतो, पण पाण्यात दुधाळ होणाऱ्या अनेक द्रव औषधांमध्ये झायलीनसारखी द्रावके असतात आणि त्यांनी मऊ पीव्हीसी लवकर खराब होते. अस्तराचे कोपरे कापून चिकटवू नयेत. ते दुमडून वर काठाच्या बाहेर न्यावेत आणि तेथे पट्टीखाली दाबून धरावेत. तळ आणि काठ जेथे मिळतात तेथे अस्तराखाली पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला पाव भाग ठेवला की कोपरा गोल होतो आणि त्यात ब्रश पूर्ण फिरतो. काटकोनी कोपऱ्यात ब्रशचे केस पोहोचत नाहीत आणि भुकटीचा राखाडी थर तेथेच साचत जातो.

अस्तराखालची जमीन तयार करण्याचे काम वेळ घेणारे आहे, पण ते टाळता येत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, त्यामुळे तिच्यावर दिलेला उतार एका हंगामातच बिघडतो. वीस सेंटिमीटर माती काढून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि दोन टक्के उतार या मुरमातच द्यावा. वर बारीक वाळूचा किंवा चाळलेल्या मातीचा पातळ थर पसरला की मुरमाचे टोकदार खडे अस्तराला भोसकत नाहीत. शेणाने सारवलेली किंवा उघड्या सिमेंटची जमीन या कामाला घेऊ नये, कारण दोन्ही औषध शोषतात. आधीचाच सिमेंटचा ओटा वापरायचा असेल, तर तोही अस्तर घालूनच वापरावा.

ओले एचडीपीई निसरडे असते. उभे राहण्याच्या जागी जाळीदार प्लास्टिकचे तुकडे टाकावेत, प्रत्येक तुकडा एका हाताने उचलता येईल एवढाच, कारण धुताना ते रोज उचलायचे असतात. लाकडी फळ्या, तरटाची पोती आणि पुठ्ठा यांना या ट्रेमध्ये कधीही जागा देऊ नये.

भिंती

येथे एक सावधगिरी आधीच सांगणे भाग आहे. धोक्याच्या कामाची जागा म्हटली की चारही बाजूंनी बंद करण्याकडे मनाचा ओढा असतो, आणि ज्या कामात विषारी तंतू किंवा धूळ हवेत उडते तेथे पंखा व गाळणी लावून तसेच करतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि काम द्रावकयुक्त औषधाचे आहे. अशा वेळी बंद खोली म्हणजे आतल्या माणसाला विषारी वाफेत कोंडणे होय. या शेडने द्रव पूर्ण अडवावे आणि हवा पूर्ण सोडावी.

झायलीनसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते, म्हणून वरचा भाग मोकळा ठेवूनही पुरत नाही. भिंतीच्या पायाशीही हवेला वाट हवी, पण त्या वाटेने शिंतोडे बाहेर जाता कामा नयेत. यावर उपाय असा की भिंतीचे सुटे तुकडे, म्हणजे पॅनेल, काठावर टेकवू नयेत. प्रत्येक पॅनेल काठाच्या रेषेपासून पाच सेंटिमीटर आत आणि काठाच्या वर दहा सेंटिमीटर अंतर सोडून टांगावे. मग पॅनेलवर उडालेले औषध ओघळून ट्रेमध्येच पडते, आणि खालच्या फटीतून वारा खेळता राहतो. छप्पराची पागोळी जशी भिंतीपासून दूर पडते, त्याच्या उलट ही पागोळी आत पडते.

तीन बाजूंना प्रत्येकी दोन अशी सहा पॅनेल लागतात आणि चौथी बाजू येण्याजाण्यासाठी मोकळी राहते. सगळी पॅनेल ८५ सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच, अगदी एकाच मापाची करून घ्यावीत, म्हणजे कोणतेही पॅनेल कोठेही बसते आणि एक जास्तीचे करून ठेवले की सहाही जागांना पुरते. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची चौकट आणि तिच्यावर तीन मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा पत्रा घेतला, तर एका पॅनेलचे वजन आठ किलोच्या आत राहते आणि ते एकटा माणूस लावू-काढू शकतो. चौकट बाहेरच्या बाजूला आणि पत्रा आतल्या बाजूला असावा, त्यामुळे आतला भाग सपाट राहतो. चौकटीच्या पाइपची तोंडे वेल्डिंगने पूर्ण बंद करून घ्यावीत, नाहीतर धुताना पाइपमध्ये शिरलेले पाणी पुढचे आठ दिवस थेंब थेंब गळत राहते. कारागीर हे काम हमखास राहू देतात, म्हणून माल ताब्यात घेताना प्रत्येक टोक बोटाने तपासावे.

एचडीपीई उष्णतेने बरेच वाढते. चाळीस अंशांच्या फरकाने मीटरमागे सहा मिलिमीटरच्या आसपास वाढ होते, आणि आपल्या मे महिन्यात उन्हातला पत्रा तेवढा सहज तापतो. पत्रा चौकटीला घट्ट रिव्हेट केला तर तो फुगून लाटेसारखा होतो आणि त्यामागे घाण साचते. म्हणून बोल्टची छिद्रे लांबट ठेवावीत, बोल्टचे गोल डोके आत यावे आणि हाताने फिरवता येणारा नट बाहेर राहावा. दोन पॅनेलमध्ये बोट जाईल एवढी फट सोडावी. बारीक फट पाण्याने धुतली जात नाही आणि भुकटी धरून ठेवते, त्यामुळे फट एकतर पूर्ण सांधलेली असावी किंवा ब्रश जाईल एवढी मोकळी असावी, या दोहोंच्या मधले काही ठेवू नये.

चारही खांब काठाच्या बाहेर रोवावेत. खांबांना आतल्या बाजूने आखूड हात जोडून त्यांवर आडवा पाइप ठेवावा, आणि पॅनेलच्या वरच्या आकड्या त्यात अडकवाव्यात. खाली प्रत्येक पॅनेल एका खुंटीने अडवले की वाऱ्याने ते हेलकावत नाही. छप्पर २.३ मीटर उंचीवर, एकाच बाजूला उतरते आणि काठाच्या बाहेर किमान ४५ सेंटिमीटर गेलेले असावे, कारण आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही आणि ट्रेमध्ये शिरलेले पावसाचे प्रत्येक लिटर पाणी नंतर आपल्यालाच विल्हेवाट लावायचे दूषित पाणी असते. काम नसताना ट्रे झाकून ठेवावा.

जागा आणि दिशा

विहीर, बोअर आणि नाल्यापासून किमान तीस मीटर आणि शक्य असेल तर त्याहून अधिक अंतर ठेवावे, आणि जमीन विहिरीच्या दिशेने उतरती नसावी. घर आणि जनावरांचा कोठा वाऱ्याच्या वाटेत येऊ देऊ नये. खरिपात वारा बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. टेबल असे मांडावे की काम करणाऱ्याला वारा बाजूने लागेल. पाठीवर वारा घेऊन उभे राहणे सुरक्षित वाटते, पण तेव्हा माणसाच्या पुढ्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वाफ तोंडाकडे येऊ शकते.

मिश्रणाचे टेबल कमरेच्या उंचीचे, म्हणजे ८५ ते ९० सेंटिमीटरचे असावे. आपल्याकडे बाटली ड्रमच्या तोंडावर डोळ्यांच्या पातळीला धरून ओतण्याची सवय आहे, तिला हे टेबलच उत्तर आहे. स्टीलचा गुळगुळीत पत्रा, त्याला दोन सेंटिमीटरचा उभा काठ आणि ट्रेमध्ये उतरणारे एक तोंड एवढे पुरे. खणाचे टेबल घेऊ नये. खणात आधी चमचा येतो, मग तंबाखूची पुडी येते.

पाण्याची टाकी शेडच्या बाहेर, थोड्या उंचीवर ठेवावी. मोटरची नळी ड्रममध्ये बुडवून पाणी भरणे हा विदर्भभर चालणारा आणि फार धोक्याचा प्रकार आहे, कारण भरता भरता वीज गेली की ड्रममधले औषध नळीतून उलटे विहिरीत ओढले जाऊ शकते. नळीचे तोंड ड्रमच्या तोंडापासून किमान पंधरा सेंटिमीटर वर राहील असा पक्का आकडा खांबाला बसवावा आणि नळी तेवढीच आखूड कापावी, म्हणजे ती बुडवायची म्हटली तरी बुडणार नाही.

मोकळ्या बाजूला काठाच्या बाहेर एक पिवळी रेघ मारावी. रेघेच्या आत गमबूट आणि हातमोजे, बाहेर स्वच्छ चपला. जेवणाचा डबा, मोबाइल आणि पिण्याच्या पाण्याची कॅन रेघेच्या बाहेर, वारा येतो त्या अंगाला असावी. हात धुण्यासाठी कोपराने उघडणारा नळ आणि साबण रेघेवरच असावा. डोळ्यात औषध गेल्यास पंधरा मिनिटे सलग धुता येईल एवढे स्वच्छ पाणी कायम भरलेले असले पाहिजे, आणि त्या टाकीला दुसऱ्या कामासाठी हात लावू देऊ नये. औषधाची बाटली व तिच्याबरोबरची पत्रिका रुग्णालयात नेता यावी म्हणून ती काम संपेपर्यंत फेकू नये, आणि १०८ हा क्रमांक पॅनेलच्या बाहेरच्या अंगावर मोठ्या आकड्यांत रंगवावा.

औषधांचा साठा या शेडमध्ये ठेवू नये. त्यासाठी वेगळी कुलूपबंद लोखंडी पेटी असावी, तिच्यात भुकटीची औषधे वरच्या कप्प्यात आणि द्रव खालच्या कप्प्यात, म्हणजे गळती भुकटीवर होत नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी वर्गाचा, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. कुलूप केवळ चोरीसाठी नसते. घरात लहान मुले असतात, आणि मोठ्या माणसांच्या मनावरही कधी कधी कठीण रात्र येते. पेटी घरापासून दूर आणि किल्ली दोघांकडे, पण एकट्याने उघडता येऊ नये अशी दोन कुलपे असावीत.

धुणे, आणि ते जमते की नाही याची परीक्षा

रिकाम्या बाटलीत पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी मिश्रणाच्या ड्रममध्येच ओतावे. असे तीन वेळा केल्यावर बाटलीला भोक पाडावे. पंप विसळलेले पाणीही त्याच पिकावर, त्याच दिवशी, फवारणी न झालेल्या ओळींवर मारून संपवावे. ट्रे धुण्यासाठी कमी पाणी आणि अधिक ब्रश हे सूत्र ठेवावे. साबणाचे पाणी, लांब दांड्याचा ब्रश, वरून खाली आणि उंच बाजूकडून खोल बाजूकडे. तेथे साचलेले पाणी मग्याने काढून झाकणाच्या ड्रममध्ये भरावे आणि त्याच औषधाच्या पुढच्या मिश्रणात वापरावे. ब्लीचिंग पावडर वापरू नये, कारण ऑर्गॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या वर्गातली काही औषधे तिच्यामुळे अधिक विषारी रूपात बदलतात.

तणनाशकासाठी मात्र वेगळा ड्रम, वेगळा पंप आणि शक्य असेल तर वेगळा ट्रे ठेवणे भाग आहे. २,४-डी या तणनाशकाचा अंश कपाशीला अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही, पाने आखडून बोटांसारखी निमुळती होतात आणि वाढ खुंटते. लाल पट्टा मारलेले सगळे सामान तणनाशकाचे, एवढा एकच नियम गड्यांना सांगावा आणि पट्टे दर हंगामात नव्याने मारावेत.

शेड प्रथम उभारल्यावर औषध आत आणण्यापूर्वी हळदीने तिची परीक्षा घ्यावी. मूठभर हळद बादलीभर पाण्यात कालवून ट्रेवर, पॅनेलवर आणि टेबलावर शिंपडावी, तासभर वाळू द्यावी आणि मग रोज जसे धुतले जाईल तसेच साबणाने धुवावे. न विरघळता पाण्यात तरंगणारी हळद भिजणाऱ्या भुकटीच्या औषधासारखीच वागते, आणि जेथे ती उरते तेथे साबणाने लालसर होऊन स्पष्ट दिसते. अशा खुणा बहुधा बोल्टच्या डोक्याभोवती, टेबलाच्या काठाखाली आणि अस्तराच्या दुमडीत सापडतात. ज्या जागी लाल रेघ राहिली ती जागा बदलावी. ब्रश जोराने घासून ती घालवता येत असली तरी रोज संध्याकाळी दमलेला गडी तेवढ्या जोराने घासणार नाही, हे धरूनच चालावे.

हंगामाच्या शेवटी शेड उतरवण्यापूर्वी ती दोनदा धुवावी. पॅनेल सावलीत उभी ठेवावीत, एकावर एक आडवी रचू नयेत. अस्तर पसरून उजेडाकडे धरले की बारीक भोके दिसतात. लहान भोक सांधता येते, पण दुमडीवर तडे दिसू लागले की अस्तर बदलावे. जुने अस्तर फेकण्यापूर्वी त्याचे हातभर रुंदीचे तुकडे करावेत, कारण एवढा मोठा मजबूत कागद उकिरड्यावर दिसला की पावसाळ्यापूर्वी तो कोणाच्या तरी कुटारावर झाकलेला असतो आणि ते कुटार जनावरे खातात. तुकडे आणि भोके पाडलेल्या बाटल्या पोत्यात बांधून कुलूपबंद पेटीशेजारी ठेवाव्यात, जाळू नयेत, आणि गटाने एकत्र मिळून घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे पाठवाव्यात. विदर्भात असे प्रक्रिया केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, आणि एकट्याच्या दोन पोत्यांसाठी न परवडणारी ही फेरी गावच्या सगळ्या गटांचा माल एका गाडीत भरला तर परवडू शकते.